भाव उतरला आणि गिऱ्हाईक रागावले

श्रोतेहो, भाव चढला की माणूस कुरकुरतो, हे आपण रोज पाहतो. तेल चढले, साखर चढली, एस.टी.चे भाडे चढले. पारावर बसायला तेवढाच विषय होतो. पण भाव उतरला म्हणून माणसे रागावलेली तुम्ही पाहिली आहेत का? शेतकरी बंधू लगेच म्हणतील, "हो, कांद्याचा भाव उतरला की आम्ही रागावतो." ते खरेच. पण तिथे तुम्ही विकणारे असता. मी विचारतो आहे ते विकत घेणाऱ्याविषयी.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. त्यांनी गणेशोत्सवात मोबाइल फोन घेतला, साडेअठरा हजारांना. दसऱ्याला तोच फोन त्याच दुकानात पंधरा हजारांना लागला. गुरुजींच्या फोनचे काही बिघडले नव्हते. आवाज तसाच, फोटो तसेच. तरी त्यांचे मन त्या फोनवरून उडाले. "मला साडेतीन हजारांना बुडवले," म्हणू लागले. मी म्हटले, "गुरुजी, घेतला तेव्हा भाव पटला होता ना?" "पटला होता." "मग?" तेव्हा ते म्हणाले, "तेव्हा पटला होता, आता पटत नाही!"

गुरुजींचे हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नव्या यंत्राचा भाव पाडणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला आजवर या उत्तराशी गाठ घालावी लागली आहे. आणि गिऱ्हाइकाच्या जोडीला आणखी एक माणूस रागावतो. तो म्हणजे त्या कारखान्यात पैसे गुंतवून बसलेला भागधारक. या दोघांच्या रागाचा इतिहास आज सांगायचा आहे. तो इतिहास नीट घडला तो मोटारीच्या बाबतीत, अमेरिकेत, हेन्री फोर्ड या माणसाच्या कारखान्यात.

फोर्ड हा शेतकऱ्याचा मुलगा. मिशिगन प्रांतात डिअरबॉर्नजवळच्या शेतावर १८६३ साली तो जन्मला. शेतीत त्याचे मन रमले नाही, यंत्रात रमले. १९०३ साली डेट्रॉइट शहरात बारा भागधारक मिळून कंपनी उभी राहिली, आणि हाताशी रोख भांडवल आले ते २८ हजार डॉलर. त्या बारांत जॉन आणि होरेस डॉज हे दोघे भाऊ होते. त्यांचा स्वतःचा यंत्रशाळेचा धंदा होता. फोर्डच्या मोटारीचे इंजिन आणि बाकीचे बरेचसे भाग तेच बनवून देत. कंपनीतला दहावा हिस्सा त्यांचा. तो त्यांनी रोख आणि माल मिळून दहा हजार डॉलरांना घेतला होता. हे डॉज बंधू लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

त्या काळी मोटार म्हणजे श्रीमंतांचे खेळणे. १९०८ च्या ऑक्टोबरात फोर्डने 'मॉडेल टी' नावाची गाडी काढली. उंच चाकांची, दणकट, चिखलातून वाट काढणारी आणि खेड्यातल्या लोहारालाही थोडीफार दुरुस्त करता येईल अशी. शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. कित्येक जण मागचे चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावत आणि त्यावर लाकूड कापायची करवत चालवत. आपल्याकडे ऑइल इंजिनाचे एकाच्या जागी चार उपयोग करतात ना, तसेच. पाच जणांच्या या गाडीचा भाव ८५० डॉलर होता. मध्ये एकदा तो चढून ९५० झाला. त्यानंतर मात्र उतरणच लागली. ७८०, ६९०, ६००, ५५०, आणि १९१४ च्या ऑगस्टात ४९०.

हे कसे जमले? १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. माणसाने गाडीभोवती फिरायचे नाही. गाडीच माणसापुढून सरकत जायची आणि ज्याने त्याने आपला एकच खिळा ठोकायचा. गाडीचा सांगाडा जुळवायला पूर्वी साडेबारा तास लागत. काही महिन्यांतच ते काम दीड तासाच्या घरात आले. १९१४ च्या जानेवारीत फोर्डने कामगाराचा रोज, काही अटी घालून, पाच डॉलर केला. पूर्वी तो अडीच डॉलरांच्याही आत होता. म्हणजे पाहा, १९०८ सालच्या भावाने मोटार घ्यायला कामगाराची वर्षभराची कमाई लागली असती; आता अठ्ठ्याण्णव दिवसांची पुरे झाली. शिक्षक बंधूंनी हे गणित मुलांना घालायला हरकत नाही. ४९० भागिले ५.

पण आता एक अडचण उभी राहिली. दरवर्षी ऑगस्ट आला की फोर्ड भाव पाडतो, हे लोकांना कळून चुकले. मग मेमध्ये, जूनमध्ये मोटार कोण घेईल? शहाणा माणूस म्हणेल, थांबू की दोन महिने. आणि जो थांबला नाही तो ऑगस्टात आमच्या गुरुजींसारखा हळहळेल. भाव उतरवून गिऱ्हाईक वाढवायचे, तर उतरण्याच्या नुसत्या वासानेच गिऱ्हाईक दारात थबकते.

फोर्डने यावर जी युक्ती काढली, ती मला व्यापाराच्या इतिहासातल्या नामी युक्त्यांपैकी एक वाटते. १९१४ च्या ऑगस्टच्या तोंडावर, युरोपात पहिले महायुद्ध पेटत होते त्याच दिवसांत, त्याने जाहीर केले की येत्या बारा महिन्यांत आमच्या गाड्या तीन लाखांच्या वर खपल्या, तर या वर्षात गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला चाळीस ते साठ डॉलर परत देऊ. पुढे भाव उतरला तर आपण फसलो, ही भीतीच त्याने काढून टाकली. शिवाय आणखी एक गोष्ट साधली. ज्याने गाडी घेतली तो आता गावभर सांगत सुटला, "तूही घे, त्यालाही घ्यायला सांग." कारण तीन लाखांचा आकडा गाठला तरच त्याला पैसे मिळणार होते. दर गिऱ्हाईक बिनपगारी विक्रेता झाला!

वर्ष भरले. गाड्या खपल्या ३,०८,२१३. प्रत्येक घेणाऱ्याला ५० डॉलरचा चेक गेला. एकूण रक्कम दीड कोटी डॉलरांच्या वर. वस्तू विकून झाल्यावर कारखानदार घरपोच पैसे पाठवतो, हे लोकांना नवलच वाटले. आणि त्याच ऑगस्टात, १९१५ साली, भाव पुन्हा उतरून ४४० झाला. कोणी ओरडले नाही.

गिऱ्हाईक असे शांत झाले. आता भागधारकांकडे वळू.

कंपनीकडे पैसा धो धो येत होता. मूळ भांडवल वाढवून २० लाख डॉलरचे केलेले होते. त्यावर महिन्याला पाच टक्के, म्हणजे वर्षाला साठ टक्के ठरलेला लाभांश. त्याखेरीज १९११ पासून १९१५ पर्यंत खास लाभांश म्हणून आणखी ४ कोटी १० लाख डॉलर वाटले गेले होते. डॉज बंधूंनी त्या पैशातून १९१४ साली स्वतःचा मोटारीचा कारखाना काढला. फोर्डच्या पैशावर फोर्डचाच स्पर्धक! फोर्डला हे खुपले असणारच. तो तसे उघड बोलला नाही, पण त्याने पुढे जे केले त्यात हा हिशेब नव्हताच, असे मानायला मी तयार नाही.

१९१६ च्या ऑगस्टात त्याने भाव एकदम ८० डॉलर पाडून ३६० केला. जोडीला सांगितले की खास लाभांश आता बंद, पैसा नव्या कारखान्यात घालायचा. रूज नदीच्या काठी पोलाद गाळण्यापासून सगळे एका जागी करायचा त्याचा बेत होता. त्या वेळी कंपनीजवळ रोख आणि रोख्यांत मिळून पाच कोटी डॉलरांच्या वर पैसे होते, आणि साठलेला नफा अकरा कोटींच्या वर.

डॉज बंधूंचे म्हणणे सरळ होते. ४४० डॉलरांना गाड्या अशा खपत आहेत की कारखाना पुरा पडत नाही. मग ३६० का? पाच लाख गाड्या विकल्या तर दर गाडीमागे ८० प्रमाणे चार कोटी डॉलर लोकांना वाटून टाकल्यासारखे झाले. हे पैसे कोणाचे? नोव्हेंबरच्या १ तारखेला फोर्डच्या मुलाचे, एड्सेलचे लग्न झाले. डॉज बंधू त्या लग्नाला गेले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फोर्डवर दावा लावला. आपल्याकडेही भाऊबंदकीचे दावे असे लग्नाच्या मांडवातून उठतात. पण एका दिवसाचे अंतर म्हणजे जरा अतीच.

कोर्टात फोर्डने काय सांगितले? वकील नफ्याचा आकडा मांडू लागला, तेव्हा फोर्डचे म्हणणे असे की इतका भयंकर नफा मिळवणे मला बरोबर वाटत नाही. पुष्कळांना गाडी मिळावी, पुष्कळांना काम मिळावे, आणि पैसा त्यातून आपोआप येतो. असे म्हणणारा मालक कोणत्याही न्यायाधीशाला विरळाच भेटत असेल. आणि तेच त्याला नडले. मिशिगनच्या वरिष्ठ न्यायालयाने १९१९ च्या ७ फेब्रुवारीला निकाल दिला. त्याचा सारांश असा की लोकांवर उपकार करायची इच्छा चांगली, पण धंद्याची कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते; दुसऱ्यांच्या पैशावर दानधर्म करता येणार नाही. सुमारे १ कोटी ९३ लाख डॉलर लाभांश वाटायचा हुकूम झाला. पण कारखाना वाढवण्याला मनाई करायचे मात्र कोर्टाने नाकारले. न्यायाधीश म्हणाले, धंदा कसा चालवावा यात आम्ही तज्ज्ञ नाही; या लोकांनी आजवर तो उत्तम चालवून दाखवला आहे. कायद्याच्या शाळांतून हा निकाल आजही शिकवतात, पण बहुधा त्याचा पहिला अर्धाच सांगतात. यातली गंमत अशी की कंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा फोर्डचाच होता; तेव्हा हुकमाने वाटलेल्या लाभांशातला मोठा वाटा त्याच्याच खिशात गेला.

पण फोर्ड कसला ऐकतो. कंपनीचे अध्यक्षपद त्याने आधीच मुलाला दिले होते. निकालानंतर महिन्याभरात बातमी उठली की फोर्ड नवी कंपनी काढणार आणि याहून स्वस्त गाडी विकणार, अडीचशे डॉलरच्या आसपास. भागधारकांच्या पोटात गोळा उठला. ज्याच्या हातात भाव पाडायची कळ आहे, तोच समोर दुकान थाटणार म्हटल्यावर आपल्या हातातल्या कागदांची किंमत काय राहणार? १९१९ च्या जुलैपर्यंत सर्वांचे हिस्से फोर्डच्या घराण्याने विकत घेतले. एकूण किंमत साडेदहा कोटी डॉलरांच्या वर. डॉज बंधूंना मिळाले अडीच कोटी.

आणि एक छोटी भागधारक होती, तिची हकीकत शिक्षक मंडळींना खास सांगतो. फोर्डचा जमाखर्च पाहणारा जेम्स कझन्स म्हणून गृहस्थ होता. त्याची बहीण रोझेटा शाळेत शिकवीत असे. १९०३ साली भावाच्या शब्दावर तिने आपल्या शिलकेतले शंभर डॉलर घातले. ती बाई लक्षाधीश झाली. १९१९ साली त्या शंभराचे तिला सुमारे २ लाख ६० हजार डॉलर मिळाले, आणि वर्षानुवर्षे आलेला लाभांश वेगळाच. ८५० ची गाडी ३६० ला आणणाऱ्या कंपनीतला हा पैसा. भाव पाडल्याने भागधारक बुडतो म्हणणाऱ्यांनी रोझेटाबाईंचा हिशेब पाहावा. अर्थात डॉज बंधूंनी तो पाहिला असता तर म्हणाले असते, भाव न पाडता तीन लाख साठ हजार मिळाले असते. अशा वादाला शेवट नसतो.

पण भाव पाडणे हे दर वेळी असेच गोड होते, असे समजू नका. महायुद्ध संपल्यावर १९२० साली अमेरिकेत मंदी आली. मोटारींचे गिऱ्हाईक आटले. २१ सप्टेंबरला फोर्डने ५७५ डॉलरची गाडी ४४० ला आणली. युद्धामुळे भाव मध्यंतरी चढले होते, हे त्या आकड्यावरून दिसतेच. या वेळी स्वस्त जुळणीचे बळ पाठीशी नव्हते. माल पडून राहिला म्हणून, घातलेले दामही सुटणार नाहीत अशा भावाने विकणे होते. लोकांना हा फरक ताबडतोब कळतो, कसा कोण जाणे. बाजारात भाजी शिळी होत चालली की गिऱ्हाईक जसे दुरूनच ओळखते आणि संध्याकाळची वाट पाहते, तसे झाले. फोर्डसारख्याने भाव पाडला, म्हणजे बाकीचेही पाडतील. मग थांबा, असे लोक म्हणू लागले.

स्पर्धक जनरल मोटर्सचा प्रमुख विल्यम ड्युरंट याने उलटा डाव टाकला. त्याने भाव तसेच ठेवले आणि आपल्या विक्रेत्यांना व गिऱ्हाइकांना हमी दिली की पुढे भाव उतरले तर फरक भरून देऊ. वरकरणी हीही फोर्डच्या १९१४ च्या वचनासारखीच. पण फोर्डचे वचन वाढत्या खपावर उभे होते. खप तीन लाखांवर गेला तरच पैसे द्यायचे, म्हणजे द्यायची वेळ येईल तेव्हा तिजोरी भरलेली असणार. ड्युरंटची हमी पडत्या बाजारात होती. देण्याची वेळ आली तर तिजोरी रिकामी. भाव काही टिकले नाहीत. कंपनीचे शेअर घसरत घसरत नोव्हेंबरात १४ डॉलरच्या आसपास आले. ते सावरायला ड्युरंट स्वतः कर्ज काढून शेअर घेत राहिला आणि त्या कर्जातच बुडाला. ३० नोव्हेंबर १९२० ला त्याला कंपनी सोडावी लागली. फोर्ड तगला, पण कसा? डिसेंबरात त्याने कारखाना बंद ठेवला आणि गावोगावच्या विक्रेत्यांकडे, त्यांनी मागवल्या नसताना, गाड्या पाठवल्या. गाडी पोचताच रोख पैसे भरायचे. नाही म्हणाल तर विक्रीचा हक्क जायचा. बिचाऱ्यांनी बँकांतून कर्जे काढली. ज्या भावकपातीचे श्रेय फोर्डला मिळाले, तिचा भार या वेळी त्यांनी उचलला.

आता एकदम २००७ सालात येऊ. मोटारीच्या जागी आता फोन आहे.

अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने २००७ च्या २९ जूनला आयफोन विक्रीला काढला. लोक आदल्या रात्रीपासून रांगा लावून बसले होते. मोठ्या फोनचा भाव ५९९ डॉलर होता. ५ सप्टेंबरला, म्हणजे पुरते सत्तर दिवसही झाले नव्हते, कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी तो ३९९ केला. एकदम २०० डॉलर खाली! रात्र रात्र रांगेत बसलेले भक्त भडकले. जॉब्ज यांच्याकडे तक्रारीची शेकडो पत्रे आली, संगणकावरून. आणि भागधारकांनी काय केले? त्याच दिवशी शेअर पाच टक्क्यांच्या आसपास पडला. गिऱ्हाईक म्हणत होते, "आम्हाला लुबाडले." शेअरवाले म्हणत होते, "फोन खपत नसणार, म्हणूनच भाव पाडला." दोघांच्याही हातात पुरावा एकच, उतरलेला भाव.

दुसऱ्याच दिवशी जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहिले. त्यात त्यांनी भाव पाडण्याचे समर्थन केले. नव्या यंत्राच्या धंद्यात नेहमीच पुढे आणखी चांगले आणि स्वस्त येत असते; थांबायचे ठरवले तर माणूस कधीच काही घेणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पण पहिल्या गिऱ्हाइकांना वागवण्यात आपण चुकलो, हेही मान्य केले आणि त्यांना शंभर डॉलर देऊ केले. मात्र ते रोख नव्हते. ॲपलच्याच दुकानात माल घ्यायचा आणि त्यातून शंभर वजा करायचे. फोर्डचा चेक घेऊन शेतकरी बियाणे घेऊ शकत होता. हे शंभर फिरून मालकाच्याच गल्ल्यात यायचे. शिवाय फोर्डने वचन आधी दिले होते, इथे आरडाओरड झाल्यावर दिले. रकमेपेक्षा हा फरक मला मोठा वाटतो. आमच्या गुरुजींना दुकानदाराने आधीच म्हटले असते, "दसऱ्याला उतरला तर फरक परत देईन," तर तोच फोन त्यांनी मिरवला असता.

शेअरवाल्यांचा तर्क मात्र खोटा ठरला. १० सप्टेंबरला कंपनीने सांगितले की दहा लाखावा आयफोन विकला गेला. भाव पडल्याच्या दिवशी १३७ डॉलरच्या जवळ आलेला शेअर वर्षअखेर १९८ वर होता.

आपल्याकडे हा फोन आला तो २००८ च्या ऑगस्टात, त्याचा दुसरा अवतार. अमेरिकेत त्याचा भाव १९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेआठ हजार रुपये, असे वर्तमानपत्रांत छापून आले होते. मुंबई-पुण्याची मंडळी दुकानात गेली, तर भाव ३१ हजार. तिकडे दोन वर्षे एकाच कंपनीचे बिल भरायचा करार करावा लागे आणि ती कंपनी फोनच्या किमतीतला मोठा भाग स्वतः सोसत असे; इकडे तसा करार नव्हता, तेव्हा सगळी किंमत रोख मोजायची. दुकानातली मुले हे समजावून सांगत होती. गिऱ्हाइके ऐकून घेत, फोन हातात धरून पाहत, आणि परत ठेवून देत.